आजपासून आमचं आम्ही

४ फेब्रुवारी

टिटवे,

फोन करत नाही म्हणून राग धरू नकोस. फोनवर आधी तू रडतेस, मग मी रडते, आणि बोलायचं ते तसंच राहतं. शिवाय फोन बाहेरच्या खोलीत असतो आणि बाहेरच्या खोलीत तुझे बाबा असतात.

तुझा परदेशातला पत्ता कपडेपटाच्या ताईंनी दिला. शूटिंगच्या वेळी त्यांनीच मला कारखान्यातून बोलावून घेतलं होतं ना, सिनेमातल्या शिपायांचे गणवेश शिवायला. तुमच्या त्या सगळ्या गोतावळ्यात मागे वळून विचारपूस करणारी तेवढी एकच बाई निघाली. टोपीवाला दिग्दर्शक जाताना मला मिठी मारून गेला, पण त्याला माझा चेहरा आठवत असेल असं वाटत नाही.

पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलंय, 'एका डोंगरी जमातीने स्वातंत्र्य जाहीर केले, त्याची हृदयस्पर्शी कहाणी.' आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी जमात आहे होय? मला वाटलं मी म्हातारी आहे." फोटोत तू बारीक दिसतेस. खातेस ना वेळेवर?

घरी ठीक आहे. मी कारखान्यात कॉलरवरून काजांवर आले, डोळे दुखतात. तुझे बाबा बरे आहेत. तुझी खाट त्यांनी मोडली. मी नको म्हणत होते, पण फळ्या सुट्या करून माळ्यावर टाकल्या आणि वर एक शब्द नाही. तू गेल्यापासून ते तुझं नाव घेत नाहीत, पण तुझ्यावरून मला बोलतही नाहीत. मला वाटलं होतं आदळआपट करतील. ती केली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ते जे बोलले, "माझ्या बापाचं मरण तिकीट लावून दाखवणार," ते मनात ठेवू नकोस असं मी म्हणणार नाही. तूही काही कमी बोलली नाहीस. "तुम्ही तोंड शिवून बसलात म्हणून परक्यांना सांगावं लागतं," हे पोरीनं बापाला म्हणायचं असतं का? तुझे आजोबा जुन्या सभाघराच्या पायरीवर बोलता बोलता गोळी लागून पडले तेव्हा हे कडेवरून नुकते उतरलेले. त्यांनी काय सांगायचं आणि कुणाला? त्यात तुमच्या टोपीवाल्यानं आजोबांच्या जागी तरुण मुलगी उभी केली. बाबांना तेच लागलं. नाव घेतलं नाही, मरण तेवढं उचललं, असं त्यांना वाटलं. आणि ती मुलगी तू झालीस.

एक गंमत सांगते. तुमचं ते प्लायवुडचं सभाघर अजून तळ्याकाठी उभंच आहे. सिनेमावाले घाईत निघून गेले आणि पाडायचं काम, सुतार म्हणून, तुझ्या बाबांवर टाकून गेले. जे लाकूड निघेल ते तुमचं, म्हणाले. बाबा रोज सकाळी पहार घेऊन जातात. सिनेमाला हात लावणार नाही म्हणणारा माणूस आता तो पाडायला जातोय, मी म्हटलं, चला, निदान तेवढं तरी जमतंय त्यांचं नि सिनेमाचं.

उत्तर लिही. दोन ओळी पुरे.

आई


१९ मार्च

टिटवे,

तुझं उत्तर नाही. कामात असशील.

मागे लिहिलं होतं की बाबा सभाघर पाडायला जातात. तर ते पाडत नव्हते. परवा डबा विसरले म्हणून मी तळ्यावर गेले. बघते तर एक भिंत प्लायवुडची आणि बाकीच्या खऱ्या. खऱ्या म्हणजे जाड फळ्यांच्या, रंधा मारलेल्या, खाचेत खाच बसवलेल्या. तुझे बाबा आत उभे राहून दाराला बिजागरी लावत होते. मी डबा ठेवला. म्हटलं, "हे पाडणं का?"

"ते लाकूड नव्हतं, पुठ्ठा होता," म्हणाले. "एका वाऱ्यात गेलं असतं. लोक हसले असते."

"कोण लोक? इथे येतंय कोण?"

"येतील ना."

दाराकडे बघितलं तर फळ्या ओळखीच्या वाटल्या. एका कोपऱ्यात तू लहानपणी खिळ्यानं काढलेला तो वेडावाकडा मासा. तुझी खाट, गं. तिचं दार केलंय त्यांनी. मी म्हटलं, "पोरगी परत आली तर झोपणार कुठे?" तर दाराला हात लावून म्हणाले, "आली की दुसरी करीन. लाकडाला काय तोटा आहे."

म्हणजे येशील असं धरून चाललेत. तोंडानं म्हणणार नाहीत.

त्या संध्याकाळी ते आत्याच्या समोर जाऊन बसले आणि विचारलं, "ताई, शूटिंगला पोरगी काय बोलली, ते म्हण." आत्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. तिला हवं तेव्हा ऐकू येतं आणि नको तेव्हा नाही, तुला माहीतच आहे. मग म्हटलं तिनं. सगळं पाठ आहे तिला:

"या पाण्याला आमची नावं ठाऊक आहेत. या डोंगराला आमची पावलं ठाऊक आहेत. ज्यांना आम्ही ठाऊक नाही, त्यांनी आमच्यावर राज्य करू नये. आजपासून आमचं आम्ही."

बाबा म्हणाले, "हे माझ्या बापाचं नाही."

"शेवटचं वाक्य त्याचं आहे," आत्या म्हणाली. "मी तेव्हा एवढीशी होते, मला तेवढंच आठवत होतं. बाकीचं तुझ्या पोरीनं केलं. इथेच, या टेबलाशी बसून. लिहायची, खोडायची, मला म्हणून दाखवायची. टोपीवाल्यानं काही दिलं नव्हतं. त्याच्या कागदावर नुसतं लिहिलं होतं, इथे भाषण."

बाबा तिच्या आणखी जवळ सरकून बसले. मग म्हणाले, "परत म्हण."

आत्यानं परत म्हटलं. मी काजं करत होते, पण सुई कुठे चालली होती देव जाणे.

आई


७ मे

टिटवे,

तू कुठे आहेस? कपडेपटाच्या ताई म्हणतात, सिनेमा घेऊन तुम्ही देशोदेशी फिरताय. माझी पत्रं तुझ्या खोलीच्या दाराखाली पडून असतील. असू देत. मला सांगायला कोणीतरी हवं, म्हणून लिहिते.

वरच्या डोंगराला सुरुंग लावणार आहेत. दगडाची खाण. आधी पत्र्याच्या पाट्या लावून गेले, मग सरकारचे मोठे साहेब आले. आपण सगळे सभाघरात जमलो, कारण जमायला जागा तीच. (बाबा माझ्याकडे बघत होते, बघ, आले की नाही लोक.) साहेब वाईट नव्हता बोलायला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "हे बघा, या जमिनीवर कुणी राहतं अशी कागदोपत्री नोंदच नाही. म्हणजे तुम्हाला हलवतोय असंही म्हणता येत नाही."

आत्या उठली आणि साहेबाचा हात धरून आपल्या दंडाला लावला. "लागतेय का मी हाताला?" साहेब ओशाळला. पण कागद कागदच असतो.

तो गेल्यावर कुणीच घरी जाईना. होडीवाला म्हणाला, अर्ज करू. शाळेतल्या बाई म्हणाल्या, अर्ज कितीदा करणार, तोंडाला फेस आला. मग तुझे बाबा उभे राहिले. आयुष्यात चार माणसांत उभा न राहिलेला माणूस. मला वाटलं, खिडकी लावायला उठले. ते पायरीवर गेले आणि म्हणायला लागले. या पाण्याला आमची नावं ठाऊक आहेत.

टिटवे, सिनेमात तू कशी म्हणालीस ते मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा मागे तंबूत बटणं लावत होते. पण ते एकेक शब्द जपून म्हणत होते. तिसऱ्या वाक्याला अडले. तर लोकांनीच पुढचं म्हटलं. शूटिंगला तुझ्यामागे उभे होते ना सगळे, कितीतरी वेळा ऐकलेलं. शेवटचं वाक्य तर असं म्हटलं की तळ्यावरची बदकं उडाली.

अशा रीतीनं आपण स्वतंत्र झालो.

हसू नकोस. पहिली सभा लगेच झाली. होडीवाल्याला मंत्री व्हायचं होतं, कशाचा ते त्याला ठरवता येईना. आत्यानं विचारलं, जुन्या सरकारकडून मिळणारी पेन्शन चालू राहील का, नाहीतर तिला स्वातंत्र्य पुढच्या महिन्यापासून हवंय. शाळेतल्या बाईंनी आपल्या भाषेतली अक्षरं फळ्यावर लिहिली. मला कारखान्यात जाऊ द्यावं की नाही यावर चर्चा झाली, कारण कारखाना परदेशात पडतो! मी म्हटलं, परदेशी जाऊन काजं करणारी मी पहिलीच. इतकं हसलो आम्ही. तुझे बाबा हसले. त्यांचा वरचा दात पडलाय हे मला तेव्हा कळलं, म्हणजे बघ किती दिवसांनी हसले असतील.

डोंगराच्या वाटेवर आता दोघं-दोघं पाळीनं बसतात. कुणाच्या हातात काठीसुद्धा नाही. कारखान्यातली पर्यवेक्षक मला म्हणते, डोकी फिरलीत तुमची, समुद्राशी वैर धरताय. मी म्हटलं, टिटवीसुद्धा समुद्र आटवते. तिला म्हण वाटली, मी तुझं नाव घेतलं होतं.

बाबांनी मला विचारलं, "शहराहून बस किती वेळ घेते?" मी म्हटलं, "कशाला?" तर म्हणाले, "असंच."

ये.

आई


२ जून

टिटवे,

सगळं ठीक आहे. फोन बंद आहेत, इथे कुणाचेच लागत नाहीत, तेव्हा काळजी करू नकोस. पेपरात काहीबाही येईल, विश्वास ठेवू नकोस.

बाबा कामासाठी बाहेरगावी आहेत. जरा खोकला होता, बाकी ठीक. सभाघराचं विचारू नकोस, लाकडाचं काय, परत होतं.

आत्याचा हात गळ्यात बांधलाय. पडली. म्हातारं माणूस.

कारखान्यात मला सध्या येऊ नका म्हणालेत.

जमलं तर ये. घाई नाही. पण ये.

आई


२७ जून

तुझा फोटो परत आला. झगमगीत कपडे, हातात काहीतरी बक्षीस, आणि तू तोंडभर हसतेस. बातमीत लिहिलंय, तुझं भाषण ऐकून लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी खोटं लिहिलं होतं. बाबा बाहेरगावी नाहीत. ते आत आहेत. मे महिना संपता संपता शिपायांचे ट्रक आले आणि सगळं सकाळच्या चहापर्यंत उरकलं. सभाघरावर त्यांनी यंत्र घातलं. बाबा दारात उभे होते, हटले नाहीत, त्यांना फळीसारखं उचललं. आत्या मधे गेली. होडीवाला, शाळेतल्या बाई, तुझे दोन्ही काका, सगळ्यांना नेलं. वाटेवर पाळीनं बसणारे तर पहिलेच.

मी आठवड्यातून एकदा शहराच्या तुरुंगात जाते. कधी भेटू देतात, कधी बाकावर बसवून परत पाठवतात. मागल्या खेपेला त्यांना उभं राहायला भिंत लागत होती. विचारलं तर म्हणाले, बसून बसून पाय आखडलेत.

टिटवे, तुझं नाव झालंय. तुझं लोक ऐकतात. तिथे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना सांग की जे तू बोलतेस ते इथे खरंच कुणीतरी बोललं आणि त्याला आत टाकलंय. तोंड शिवून बसलात असं बापाला म्हणाली होतीस ना? त्यांनी तोंड उघडलं गं. आता तू कुठे आहेस?

नाहीतर काही सांगू नकोस. नुसती ये. माझ्याबरोबर त्या बाकावर बस.

आई


३० ऑगस्ट

माझ्या बाळा,

हे पत्र ताईंच्या हातून पाठवतेय, टपालाला देत नाही. वाचून झालं की जाळ. ताई तुझ्यासमोरच बसलेल्या असतील, त्यांना सांगितलंय, जळेपर्यंत उठू नका.

तुझं पत्र मिळालं. माझी सगळी पत्रं तुला एकदमच मिळाली, दौऱ्यावरून तुझ्या तिकडच्या खोलीवर परत आल्यावर, हे कळलं. जूनमधल्या पत्रात मी जे लिहिलं ते तू फार लावून घेतलंस. मला काय ठाऊक, तुझ्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. तू लिहितेस, तिकीट काढलंय, थेट साहेबांच्या कचेरीत जाणार आणि सांगणार की ते शब्द माझे आहेत, बाबांचा काही संबंध नाही, त्यांना सोडा.

तुला आता जे सांगायचंय ते कसं लिहावं हे मला कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. बाबा गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं असं तुरुंगाचे साहेब म्हणाले. मला घरी आणून दिले तेव्हा अंगावरचा शर्ट त्यांचा नव्हता. माझ्या हातची काजं मला कळतात. मी तो काढू दिला नाही. काय बघायला लागलं असतं कुणास ठाऊक.

तळ्याकाठी माती दिली. माणसं थोडीच होती, बाकीची आतच होती ना.

आता पुढचं नीट वाच.

ते जायच्या आधी एकदा मला भेटू दिलं होतं, चांगलं पाऊणएक तास. पहारेकरी दाराशी डुलक्या काढत होता. बाबा आपल्या भाषेत, अगदी हळू बोलले. त्यांना रोज एकच विचारत होते, हे शब्द कुणी लिहिले? चौकशीच्या साहेबांनी सिनेमा मिळवला होता. म्हणाले, हे तर तुझी पोरगी बोलते. तिनंच चिथावलं ना तुम्हाला? ती परत आली की विमानतळावरच घेतो तिला.

बाबांनी सांगितलं, शब्द माझे. मी रचले, मी तिच्याकडून घोकून घेतले. साहेब म्हणाले, तुला सही धड येत नाही, तू काय रचणार? तर म्हणाले, सुताराला लिहायला येत नसेल, बोलायला येतं. आणि पोरीचं विचाराल तर ती बिनडोक आहे. पैसे दिले की हवं ते म्हणते. तिला त्यातलं काही कळत नाही. आमच्याशी तिचा संबंध संपला, मी तिला घराबाहेर काढलंय, गावात कुणालाही विचारा.

साहेबांनी गावात विचारलं. ते भांडण सगळ्यांनी ऐकलेलं. तू आणि ते इतक्या मोठ्यानं भांडला होतात की लोक अजून सांगतात. लोकांनी तेच सांगितलं. मग बाबांचा जबाब लिहून घेतला, त्यांचा अंगठा घेतला.

मला हे सांगताना ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, बावरले. म्हणाले, "कागदावर तिला बिनडोक लिहिलंय. आता ते तसंच राहणार." मी म्हटलं, "राहू द्या, काय बिघडतं?" तर म्हणाले, "कधीतरी कानावर जाईल तिच्या. तिला सांग. तिनं लिहिलं तसलं बोलणं माझ्या बापालाही जमलं नसतं. ते म्हणताना मला वाटत होतं, हे सगळं मीच लिहायला हवं होतं, पण मला आलं नसतं." मग भिंत धरून उठले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, चला.

मागच्या सोमवारी सगळे सुटले. होडीवाला, बाई, काका, सगळे. वकील म्हणाले, मुख्य आरोपी मयत, बाकीचे त्याच्या नादी लागलेले, असं धरून खटला मिटवताहेत. म्हणजे सगळं त्या एका अंगठ्यावर उभं आहे. उद्या तू येऊन म्हणालीस की शब्द माझे, तर त्यांचा जबाब खोटा ठरतो. मग तुला तर आत घेतीलच, पण सुटलेल्यांनाही परत नेतील. बाईंना चालता येत नाही अजून.

म्हणून येऊ नकोस.

इतके दिवस प्रत्येक पत्रात ये, ये म्हणत होते, आणि आता तू तिकीट काढलंस तर मीच नको म्हणतेय. तिकीट फाड. मुलाखतीत विचारलं तर म्हण, मला काही माहीत नाही, मी अभिनय करते. तुला जड जाईल. गप्प बसणं तुला कधी आलं नाही, पण शीक. तुझ्या बापानं किती वर्षं केलं ते.

ताईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर मला आणि आत्याला सिनेमा दाखवला. स्वयंपाकघरात, खिडकीला चादर लावून. मी तुला पहिल्यांदाच बघितलं. तू पायरीवर उभी राहिलीस, बोललीस, सगळे तुझ्यामागून बोलले, होडीवाला तर अगदी पुढेच होता. मग पडदा काळा झाला आणि नावं वर सरकायला लागली. आत्या म्हणाली, "पुढचं?" ताई म्हणाल्या, "एवढाच आहे, आत्या." आत्या म्हणाली, "असं कसं? आता तर ते यायचेत."

फार चांगलं केलंस बाळा. मी आई म्हणून नाही म्हणत.

गावात सगळे विचारतात, बाप गेला तरी पोरगी आली नाही? मी सांगते, मोठी झाली ती, आता कशाला येतेय. लोक चुकचुकतात. आत्याला मी काहीच सांगितलेलं नाही, तिच्या पोटात राहणार नाही. ती रोज सकाळी अंगणात बसून तुला शिव्या घालते, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा. मी तिला अडवत नाही. कधी कधी मीही एखादी घालते.

आई